पाठीला सांगितलेलं

तव्यावरची भाकरी उलटवत ताजुन्निसा नणंदेविषयी बोलत होती. फार काही नव्हतं. आदल्या दिवशी नणंद कान्ह्याहून आली होती, पोटभर जेवली होती आणि चपला घालता घालता कालवणात मीठ कमी होतं असं सांगून गेली होती. “दोनदा वाढून घेतलं, रस्सा वरपून प्याली, आन् दारात गेल्यावर बाईला मीठ आठवलं,” ताजुन्निसा म्हणत होती. चुलीला, पिठाला आणि मागं बाज विणत बसलेल्या नवऱ्याला. निजाम नेहमीसारखा दाराकडं तोंड आणि तिच्याकडं पाठ करून बसला होता. भाकरी टम्म फुगली. “तुमचीच बहीण ती,” ती पुढं म्हणाली, “तुमच्या आईचं नाक घेतलंय, आन् जीभ बी...” आणि मागून आवाज आला, “पुरं.”

दारात कुणी आलं असेल असं तिला आधी वाटलं. तिनं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. निजामची मान खाली होती, हातात सुंभ होता आणि तो पुढचा पेड ओढून घेत होता, जणू तो बोललाच नव्हता. त्याच्या उजव्या कानात ते गव्हाळ रंगाचं बोंड बसलेलं होतं. ताजुन्निसाचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. भाकरी करपली, वास घरभर झाला, तरी ती उकिडवीच बसून राहिली. आपल्याला हे भय कसलं वाटतंय ते तिला कळेना. नणंदेबद्दल कोण बोलत नाही? पण पदराखाली झाकून नेलेलं काही भर बाजारात खाली पडावं आणि सगळ्यांनी पाहावं, तसं तिला झालं होतं.

ते कानाचं मशीन येऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा राजमहंमद कुवेतला वेल्डर होता. मागच्या सुट्टीत तो बापाला पुण्याला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं खिशात डबी आणि कानापर्यंत वायर, अशी मशीनं होती. पण तसलं नको, लोक वायरीकडं बघत बसतात, असं राजमहंमदनं ठरवलं. सगळंच्या सगळं कानाच्या आत बसेल असं नवं मशीन परदेशात निघालंय म्हणे. मग दवाखान्यातल्या माणसानं निजामच्या कानात गुलाबी लगदा भरला, घट्ट झाल्यावर तो ओढून काढला, आणि बापाच्या कानातल्या वळणांचा तो ठसा कापसात गुंडाळून, बिस्किटांच्या डब्यात घालून मुलगा परत गेला. बऱ्याच महिन्यांनी ओळखीच्या एका माणसाबरोबर मशीन आलं. काजूच्या बीएवढं. पुण्याला जाऊन ते बसवून घेतलं तेव्हा दवाखान्यातला माणूस निजामकडं वळून सांगू लागला, आणि निजामचे हात पाहून ताजुन्निसाकडं वळला. निजाम आधी ज्यावर कामाला होता त्या खडीच्या मशीनच्या पट्ट्यानं त्याच्या दोन बोटांची पेरं खाल्ली होती, आणि उरलेल्या बोटांना इतक्या वर्षांच्या थरथरीनं बारीक वस्तू कळत नसे. सुंभ धरता येई. डाळीच्या दाण्याएवढा सेल धरता येत नसे. “म्हणजे हे तुम्हांलाच बघावं लागणार, बाई,” तो माणूस म्हणाला. रोज झोपताना काढायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं, आवाज ज्या बारीक भोकातून कानात जातो ते भोक खाली धरून ब्रशनं मळ झाडायचा. पाणी लावायचं नाही, केसांचं तेल लागू द्यायचं नाही, आंघोळीला काढायचं. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवायचं. “तुमच्या लोणावळ्याच्या दमट हवेत तर फारच जपायचं,” तो म्हणाला. “भोक बुजलं की मशीन असून नसल्यासारखं.” ताजुन्निसानं मान हलवली. तिला ते सगळं एकदा ऐकूनच पाठ झालं होतं.

आता करपलेली भाकरी बाजूला टाकून दुसरा उंडा मळताना तिच्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. किती वर्षांनी ऐकला तो. लग्न होऊन ती सुदुंबऱ्याहून आली तेव्हा तिला बोलण्याचं भारी वेड होतं. माहेरी तिचा बाप म्हणायचा, ही पोरगी झोपेत पण गोष्ट सांगती. सासरी आल्यावर पहिल्या की दुसऱ्या आठवड्यात ती निजामला सांगत होती, आमच्या मळ्यातल्या विहिरीत एकदा कोल्हा पडला आणि त्याला काढायला... तेव्हा तो म्हणाला, “पुरं.” रागानं नाही. दिवा मालवावा तसं. निजाम वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी हात उचलला नाही, दारूला शिवला नाही, पगार आणून आईच्या हातात द्यायचा. फक्त तिचं कुठलंही वाक्य त्याला टोकापर्यंत ऐकवत नसे. कामशेतच्या पुढं डोंगराला लागून खडीचं मशीन होतं, त्यावर तो मिस्त्री होता. दिवसभर दगड चिरडल्याचा आवाज ऐकून घरी आल्यावर त्याला घरात आवाज नको असे. सासू म्हणायची, थकून येतोय, तुझी टकळी बंद ठेव. कोल्ह्याला विहिरीतून कसं काढलं ते ताजुन्निसानं त्याला कधीच सांगितलं नाही. पुढं पुढं तर तो शब्द त्याला उच्चारावाही लागत नसे. त्याच्या भुवया जरा जवळ आल्या की ती थांबायची. अडीच वर्षांची मुलगी तापानं गेली तेव्हाही ती त्याच्याजवळ बसून काही बोलायला गेली होती, आणि त्यानं हात वर केला होता, नुसता हात, तळवा तिच्याकडं करून.

मग त्याचे कान गेले. एका दिवसात नाही. आधी पाखरं गेली, मग दारावरची थाप, मग मुलाचा आवाज. मालकानं त्याला घरी बसवलं. निजाम घरी बसला आणि बाजा विणू लागला, आणि त्याच्या तोंडावर ताजुन्निसानं कधी न पाहिलेली नरमाई आली. तो विचारायचा, मान वाकडी करून वाट बघायचा, आणि ती हातानं खुणा करायची. सासू तोवर अल्लाघरी गेली होती. त्या दिवसांतच कधीतरी, एका दुपारी, ज्वारी निवडता निवडता तिनं त्याच्या पाठीकडं बघून म्हटलं होतं, “मेल्या, आता ऐक की.” पाठ हलली नाही. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. पाठ तशीच. तेव्हा तिला हसू आलं होतं, आणि मग रडू, आणि मग ती बोलायला लागली.

दहा-अकरा वर्षं ती बोलली. आधी नुसत्या शिव्या आल्या. तिला स्वतःलाही ठाऊक नव्हत्या इतक्या. त्या संपल्यावर बाकीचं यायला लागलं. त्याची आई गेली त्या दिवशी मयतीच्या घरात बायकांत बसून रडताना आपल्याला आतून हलकं हलकं वाटत होतं, हे तिनं त्याला सांगितलं. चौथीपर्यंत शिकायचं होतं आणि दुसरीतच शाळा सुटली, हे सांगितलं. त्याच्या अंगाला येणारा डिझेलचा वास लग्नाच्या रात्री तिला ओकारी आणत होता, हे सांगितलं. मुलगी गेली तेव्हाचं तर कितीदा सांगितलं. तिच्या मुठीत शेवटपर्यंत खडीसाखरेचा खडा होता आणि तो नंतर ताजुन्निसानं स्वतः खाल्ला, हे जगात त्या पाठीखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. राग आला की ती पाठीशी भांडायची, सण आला की पाठीला विचारायची. एखाद्या दिवशी पाऊस खंडाळ्याकडून असा यायचा की समोरचं घर दिसायचं नाही, कपडे वाळायचे नाहीत, पिठाला बुरशीचा वास यायचा. तेव्हा दिवसभर ती बोलत असायची आणि तो विणत असायचा. शेजारच्या चिमाबाईनं एकदा विचारलंही होतं, “ताजूभाभी, बहिऱ्या मानसाशी काय एवढं बोलतीस गं?” ताजुन्निसा म्हणाली होती, “सवय हाय.” पण ती सवय नव्हती. त्या दोन खोल्यांत तिला जे स्वतःचं म्हणून मिळालं होतं ते तेवढंच होतं, आणि ते त्याच्या बहिरेपणानं दिलेलं होतं, त्यानं नाही.

आणि आता गल्लीतला प्रत्येक माणूस येऊन तिचं अभिनंदन करत होता. मशीन आलं त्या संध्याकाळी निजामनं मशिदीतली अजान ऐकली. तो अंगणात उभा होता. अजान संपली तरी तो तिथंच उभा होता, आणि मग दाढीवरून हात फिरवत आत आला तेव्हा त्याची दाढी ओली होती. चिमाबाईनं स्वतःचे डोळे पुसले. ताजुन्निसालाही भरून आलं. खोटं कशाला बोला. पहिले दिवस तो लहान पोरासारखा होता. हे काय वाजतंय? स्टोव्ह. आन् हे? पन्हाळीचं पाणी. स्वतःच्याच पायांच्या आवाजानं दचकायचा. ती जुन्या सवयीनं हातांनीच उत्तरं द्यायची आणि तो हसायचा, म्हणायचा, “तोंडानं सांग की आता.” त्या आठवडाभरात ती विसरून गेली होती की त्या कानात आता बाकीचंही जात असणार. नणंदेच्या मिठापर्यंत ती विसरलेलीच होती.

त्या दिवसापासून तिचं तोंड मिटलं. ठरवून नाही, भांडं पालथं घातल्यासारखं. भाजी काय करू, सेल बदलायचा का, चिमाबाईनं ताक दिलंय, एवढं ती बोले. निजाम मशीन लावून बसलेला असे, आणि खोलीत घड्याळाची टिकटिक, सुंभाची करकर, आणि तिच्या बांगड्या. तिला वाटायचं, बांगड्यासुद्धा ऐकतोय हा. ती कप जपून ठेवायला लागली. आणि मागल्या आठवड्यात, त्या पहिल्या दिवसांत, आपण काय काय बोललो असू, ते आठवायचा प्रयत्न करून ती थकली. मुलीचं बोललो होतो का? सासूचं? मनात येणारी गोष्ट ओठापर्यंत यायची आणि तिथून परत फिरायची. तिचं जेवण कमी झालं. बाहेरून मात्र सगळं चांगलं चाललेलं होतं. रोज निजताना तो मान तिरपी करून तिच्यापुढं बसायचा. ती त्याच्या कानातून मशीन अलगद फिरवून काढायची; निघताना ते बारीक शीळ घालायचं. मग फडक्यानं पुसणं, ब्रशनं झाडणं, सेलचं झाकण उघडणं. दमटपणा लागू नये म्हणून तिनं वडिवळ्याचे तांदूळ कोरडे भाजून, पुरचुंडीत बांधून एका पत्र्याच्या डबीत घातले होते, त्यावर मशीन ठेवायचं. तिच्या तळहातावर ते पडलेलं असे तेव्हा तिला वाटे, याचे कान माझ्या मुठीत आहेत. आणि ती दचकून मूठ उघडे.

श्रावणात एका रात्री तिनं मशीन पुसलं आणि झाडलं नाही. तिला झोप आली होती, एवढंच. दुसऱ्या रात्री झोप आली नव्हती तरी झाडलं नाही. ब्रश हातात घेतला, त्या भोकाच्या तोंडाशी मेणासारखा पिवळा ठिपका दिसत होता, एका फटकाऱ्यानं निघाला असता. तिनं ब्रश खाली ठेवला. तिनं काही केलं नाही, हेच ती स्वतःला सांगत राहिली, आपण काही केलेलं नाही. निजाम मशीनचं बारीक चाक फिरवू लागला. “सेल उतरला काय बघ,” तो म्हणाला. तिनं नवा सेल घातला. दोन-तीन दिवसांनी तो म्हणाला, “आवाज लांबून येतोय.” ती म्हणाली, “दमट हवा हाय.” आणि पुढं पुढं त्यानं म्हणणं सोडलं. तो मशीन लावायचा, मान वाकडी करून बघायचा, आणि मग पुन्हा दाराकडं तोंड करून विणायला बसायचा. एक दिवस तिनं मुद्दाम त्याच्या मागं पातेलं पाडलं. पाठ हलली नाही.

ती बोलायला लागली. आधी भीत भीत, नणंदेच्या मिठापासून. मग बांध फुटला. इतके दिवस साचलेलं सगळं आलं. दोन दिवस ती बोलली, घसा बसला, भूक लागली, चार भाकऱ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी, दुपारी, लसूण सोलताना ती म्हणाली, “मीच बुजवलंय ते. ऐकताय का? तुमच्या पोरानं एवढ्या लांबनं पाठवलं, आन् मी बुजवलं. तुमाला ऐकू आलं की माझं तोंड बंद होतं. माझा जन्म गेला तुमच्या घरात, तुमी एक गोष्ट पुरती ऐकली न्हाई. आता बहिरेच बरं हायसा.” हे बोलून झाल्यावर ती हाताकडं बघत बसली. सुंभाची करकर चालू होती. निजामनं एक गाठ मारली, दातानं टोक तोडलं, दुसरी सुरू केली.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी तो नमाजला गेला आणि बाजारातून परत येताना रस्ता ओलांडताना मागून ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नव्हता, असं सगळ्यांनी सांगितलं. बाजारातले लोक ओरडत होते. शेवटी ट्रकच वळला, त्याच्या कडेचा धक्का लागून निजाम गटाराच्या काठावर पडला. टांग्यात घालून त्याला आणलं तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं होतं आणि खांदा उतरला होता. टांगेवाला म्हणत होता, “कानात मशीन हाय की चाचांच्या. मंग?” चिमाबाई हळद घेऊन धावली. “बिघडलं असंल ते,” ती म्हणाली. “ताजूभाभी, पुण्याला दाखवून आण. आज देवानं राखलं.” ताजुन्निसा त्याच्या हातावरची माती ओल्या कपड्यानं काढत होती. निजाम तिच्या तोंडाकडं बघत होता. त्या नजरेत काही विचारणं असतं तर तिनं तिथंच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं असतं. पण तो नुसता बघत होता, जसा माणूस खिडकीतून बाहेरचा पाऊस बघतो. त्या रात्री तिनं ब्रश उचलला आणि पुन्हा ठेवला. आता साफ केलं तर सकाळी एकदम ऐकू यायला लागेल, आणि मग काय सांगायचं? भीतीनं माणूस किती हलकट होतो ते तिला त्या रात्री कळलं.

खांदा बसल्यावर ती दोघं एस्टीनं पुण्याला गेली. दवाखान्यातल्या त्याच माणसानं मशीन दिव्याखाली धरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि तारेच्या बारीक फाशानं त्या भोकातून मळाचा एक खुंट ओढून काढला. तो त्यानं कागदावर ठेवला. गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढाही नव्हता. “मशीनला काही झालेलं नाही,” तो ताजुन्निसाकडं बघून म्हणाला. “हे महिनाभर कुणी झाडलेलं नाही. बाई, मी तुम्हांला दाखवलं होतं ना? कोण साफ करतं हे?” आणि मशीन त्यानं निजामच्या कानात बसवून चाक फिरवलं. ताजुन्निसानं तोंड उघडलं. “मीच करतो,” निजाम म्हणाला. त्या माणसानं त्याच्या बोटांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. आवाज मऊ करून तो निजामला म्हणाला, “कंटाळू नका. सुरवातीला सगळंच डोक्यात घुसतं. भांडी, पाणी, बोलणं, सगळं एकसारखं. पुष्कळ लोकांना नको नको होतं. हळूहळू कान निवडायला शिकतो.” ताजुन्निसाला त्या दिवशीचा तव्यापुढचा शब्द आठवला. तो तिला म्हटलेला होता की त्या गलक्याला?

एस्टी वडगावच्या पुढं आली, कामशेत गेलं, डोंगरांवर ढग उतरले होते, खाचरांत भात पोटरीला आला होता. निजाम खिडकीशी बसून सगळं ऐकत होता. इंजिन, घंटी, मागच्या बाकावरच्या बायकांचं बोलणं. ती वाट बघत होती. त्यानं काहीतरी म्हणावं. शिवी द्यावी. एस्टीत बसलेल्या माणसांदेखत म्हणावं की ही माझी बायको, हिनं मला ट्रकखाली घातलं. तो म्हणाला, “खिडकी लावून घे, पाऊस आत येतोय.” घरी आल्यावर मशीन झाडायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं. उजेडाला दारात बसून, डोळे बारीक करून, त्या थोट्या बोटांनी ब्रश धरायचा. चारदा तरी हातातून पडायचा. सेल बदलायला चिमाबाईला हाक मारायचा. ताजुन्निसा आतून बघायची. त्यानं तिला एका शब्दानं दुखवलं नव्हतं, फक्त डबी तिच्या फळीवरून उचलून स्वतःच्या उशाशी ठेवली होती. ती पुन्हा गप्प झाली, आणि या वेळचं गप्प राहणं आधीच्यासारखं भरलेलं नव्हतं. त्यात काहीच साचत नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर एका सकाळी तो विणता विणता थांबला. “ताजू,” तो म्हणाला. “तू काय बोलायचीस गं?”

“कवा?”

“मदल्या वर्सांत. माझ्या मागं बसून. माझ्यापुढं पाण्याची घागर असायची, घासलेली, त्यात तू दिसायचीस. तोंड हलायचं. कवा रडायचीस, कवा हसायचीस.”

ताजुन्निसाच्या हातातलं सूप मांडीवर टेकलं. इतकी वर्षं. “मंग मागं वळून का न्हाई बगितलं?”

“वळलो असतो तर तू थांबली असतीस.”

अंगणात कोंबडी माती उकरत होती, ते त्यालाही ऐकू येत असणार. मग तो सावकाश, सुंभाकडं बघत, म्हणाला की राजमहंमदला मशीन आण म्हणून त्यानंच सांगितलं होतं. अजानसाठी नाही. आयुष्यभर मशीनचा खडखडाट ऐकला, बायकोचं काही ऐकलं नाही, जाण्याआधी एकदा ऐकावं, असं वाटलं.

“मंग त्या दिवशी ‘पुरं’ का म्हनला?” तिचा आवाज तिला नको इतका चढला.

“कवा म्हनलो?”

“तुमची बहीण आल्ती तवा. मी भाकऱ्या करत हुते.”

तो आठवायचा प्रयत्न करत राहिला. खरोखरच करत होता. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. “म्हनलो असंन,” तो शेवटी म्हणाला. “तवा समदंच लय वाजत हुतं. ध्यानात न्हाई.” आणि मग पुन्हा, हट्टानं, जवळजवळ गयावया करत, “सांग की. काय बोलायचीस?”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा तिच्याकडं होता, कान पुढं झालेला होता, डोळे तिच्या ओठांवर होते. असं या माणसानं कोल्ह्याच्या वेळी ऐकायला हवं होतं. असं मुलगी गेली तेव्हा. आता त्या चेहऱ्याला काय सांगणार? तुझी आई मेली आणि मला हलकं वाटलं? खडीसाखर? “काय न्हाई,” ती म्हणाली. “मीठ-मिरची. दुसरं काय असतंय.”

निजामनं मान हलवली. मग त्यानं हात कानाकडं नेला, मशीन फिरवून काढलं, दोन वेळा नख घसरल्यावर सेलचं झाकण उघडलं आणि ते डबीत तांदळाच्या पुरचुंडीवर ठेवलं. डबी तिला दिसेल अशी मधोमध जमिनीवर ठेवली. समोरची घागर उचलून त्यानं बाजूला भिंतीकडं, तिच्यात मागचं काही दिसणार नाही अशी ठेवली. आणि तिच्याकडं पाठ करून, सुंभ हातात घेऊन, तो विणायला लागला.

ताजुन्निसा त्या पाठीकडं बघत बसली. सदऱ्याला मध्यावर ठिगळ होतं, तिनंच लावलेलं. ही पाठ तिनं वर्षानुवर्षं पाहिली होती, पण तेव्हा ती भिंतीसारखी असायची, झाडासारखी. आज ती वाट बघत होती. खांदे थोडे उचललेले होते. सुंभाची करकर फार हळू चालली होती. तिनं घसा खाकरला.

“डाळ संपलीय,” ती म्हणाली.

आणखी काही येतंय का म्हणून ती थांबली. “पीठ बी आणाय पायजे,” ती म्हणाली.

मग ती उठली आणि कोपऱ्यातला रॉकेलचा डबा हलवून बघायला गेली, त्यात किती उरलंय ते तरी सांगता येईल म्हणून.